राजवाडा आणि बोर्डिंग

कोल्हापूरला पाहुणे आले की आपण त्यांना न्यू पॅलेस दाखवतो. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला काळ्या दगडाचा हा राजवाडा, मेजर मँट यांच्या आराखड्याचा. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. मुलं मात्र रमतात ती पेंढा भरलेल्या वाघांपाशी आणि तलवारींपाशी.

मी माझ्या वर्गाची सहल तिथं संपवत नाही, दसरा चौकात नेतो. खेड्यातल्या पोरांना शहरात राहायला जागा नसे, म्हणून शाहू महाराजांनी जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहांना बळ दिलं. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढून ते स्वतः तिचे अध्यक्ष झाले. मुस्लिम बोर्डिंग ही त्याच कामातली.

७ जून २०२३ ला याच शहरात दगडफेक झाली. शाळा सुरू झाल्यावर एका मुलानं विचारलं, “सर, हे गाव आपलं आहे ना?”

त्याला मी भाषण दिलं नाही. बोर्डिंगसमोर नेलं, १९०६ चा हिशोब सांगितला. तेव्हापासून प्रत्येक नव्या वर्गाला ही इमारत दाखवतो. पाहुणे आले तर तुम्हीही दाखवा. तिकीट लागत नाही.