खुणा जुळल्या, तरी मोजा

इंजिन बांधताना टायमिंगच्या खुणा समोरासमोर आल्या की मिस्त्री पुढचं कव्हर लावून मोकळा होतो. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. एका प्रीमियर पद्मिनीनं ती सवय मोडली.

१०८९ सीसीचं ते इंजिन, कॅम ब्लॉकमध्येच, क्रँकवरून चेनने फिरणारा. मी फुल काम केलं होतं: बोअर, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंड, नवी चेन, दोन्ही स्प्रॉकेट नवे. आठवड्यात गिऱ्हाईक रत्नागिरीहून परत आलं. "मिस्त्री, आंबा घाटात गाडी ओढतच नाही. पहिला गिअर सोडवत नाही." कार्ब्युरेटर उघडला, डिस्ट्रिब्युटर फिरवून पाहिला. कॉम्प्रेशन थोडं कमी आलं, म्हणून रिंगांवर संशय घेतला. शेवटी कव्हर काढलं, तर खुणा तंतोतंत समोरासमोर!

माझे वस्ताद कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, जन्म लेथवर गेलेला. ते एवढंच म्हणाले, "खुणा माणसानंच मारल्यात न्हवं? डिग्री लाव."

हेड उतरवलं. क्रँकच्या टोकाला ३६० अंशांची चकती बसवली, तारेचा काटा केला आणि पहिल्या पिस्टनवर डायल गेज टेकवला. आधी टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सर्वांत वरचं टोक शोधायचं. इथेच बहुतेक जण फसतात. त्या टोकाजवळ क्रँक २ अंश फिरवला तरी पिस्टन जेमतेम ०.०३ मिलिमीटर उतरतो. काटा थांबलेलाच दिसतो. म्हणून टोकाच्या अलीकडे १ मिलिमीटर खाली चकतीवरचा आकडा घ्यायचा, पलीकडे तेवढ्याच खोलीवर दुसरा घ्यायचा आणि शून्य बरोबर त्यांच्या मधोमध आणायचं.

मग गेज इनलेटच्या टॅपेटवर. तीच युक्ती: सर्वांत उंच जागेच्या १ मिलिमीटर अलीकडचा आकडा आणि १ मिलिमीटर पलीकडचा. मला ७० आणि १५६ मिळाले, मध्य ११३. क्रँक फिरवायचा तो चालत्या दिशेनेच. पुढे गेला तर चांगला पाव फेरा मागे नेऊन पुन्हा पुढे आणायचा, नाहीतर चेनची सैल बाजू मापात शिरते. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा कॅम पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा ८ अंश उशिरा.

नव्या स्प्रॉकेटचे दात आणि शाफ्टवर बसायची त्याची जागा, यांतला कोनच बनवताना चुकला होता. एक दात सरकवून हे दुरुस्त होत नाही. कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दात धरले, तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश, आणि क्रँक दुप्पट फिरतो म्हणून तिथे २०. दुसरा स्प्रॉकेट आणला, तोही मोजला, मगच बसवला.

कॅम उशिरा असला की इनलेट वॉल्व्ह उशिरा मिटतो. इंजिन हळू फिरत असताना वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डात ढकलतो. कॉम्प्रेशन कमी आलं ते त्यामुळे आणि घाटातली ओढ गेली तीही त्यामुळे. रिंगा निर्दोष होत्या. त्यांना मी उगाच दोष दिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मी कुठलंही इंजिन मोजल्याशिवाय बंद करत नाही. ओव्हरहेड कॅमच्या गाडीत तर हेड प्लेन केलं की कॅम आणि क्रँक यांतलं अंतर घटतं आणि खुणा जुळूनही कॅम सहसा थोडा मागे पडतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या टॅक्सी पद्मिनी बंद झाल्या. पण घरोघरी जपलेल्या पद्मिनी अजून आहेत, त्यांच्यासाठी सुटे भाग मिळेल तिथून येतात आणि त्यांतला प्रत्येक भाग बरोबर असतोच असं नाही. तुमची गाडी इंजिन कामाला द्याल तेव्हा मिस्त्रीला विचारा, "डिग्री लावून टायमिंग बघणार ना?" त्याला दोन तास जास्त लागतील. त्या दोन तासांचे पैसे त्याला आनंदाने द्या.