मागचं मशीन

चाकणच्या एमआयडीसीत पोरांना टर्नरकाम शिकवतो. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा. मध्यंतरी एका पोराचा लेथजवळ फोटो काढला. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १.८, पोरगा दीड मीटरवर. अशा वेळी फोटोत स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटरचा. डोळे लख्ख, कपाळावरचा ऑइलचा डाग लख्ख, मागचं सगळं धूसर. मी खूश. पोरानं फोटो पाहिला आणि विचारलं, "सर, मशीन कुठं गेलं? आईला दाखवायचं होतं, मी कशावर काम करतो ते."

त्याचं गाव लातूरकडचं. आईनं लेथ कधी पाहिलेलं नाही.

पुन्हा काढला. दोन मीटरपर्यंत मागे सरलो, अ‍ॅपर्चर एफ ८ केलं. आता पट्टा पाऊण मीटरचा. चक, टूल पोस्ट, चकमधला जॉब, सगळं आलं. पण अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र, ते लहान केलं की उजेड घटतो. १.८ वरून ८ वर यायचं तर शटर जवळजवळ वीसपट वेळ उघडं ठेवावं लागतं. कॅमेरा टूलबॉक्सवर टेकवला आणि पोराला दम भरला, "हलू नको रे!"

वर्गात व्हर्नियरनं माप घ्यायला शिकवताना मीही असंच छिद्र सताड उघडं ठेवायचो. ०.०२ मिलिमीटरचं लीस्ट काउंट, जुळणारी रेघ, बाकी काही नाही. पहिली दहा मिनिटं तेच बरोबर. तेव्हाच ड्रॉइंग, टॉलरन्स काढलं तर पोरांची नजर कुठंच ठरत नाही. माझं चुकायचं पुढे. रीडिंग आलं की धडा संपला! पोरं बिनचूक वाचायची, पण हा शाफ्ट बेअरिंगमध्ये का जात नाही म्हटलं की गप्प.

आता रीडिंग जमलं की शाफ्ट आणि बेअरिंग हातात देतो, बसवून बघा म्हणतो. एका तासाचं काम तीन तास खातं. पोर्शन मागे पडतो, वरून विचारणा होते, होऊ दे. अतिरेक मात्र इथंही नको. छिद्र फारच बारीक केलं तर प्रकाश कडांवर पसरतो आणि सगळंच मऊ पडतं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, तिथपासून चाकणपर्यंतचा कारखान्यांचा इतिहास एकाच तासात कोंबण्याचा उद्योगही मी करून बसलोय.

दुसऱ्या फोटोत पोराचा हात जरा हललाय. आईनं भिंतीवर तोच लावलाय.