पाय काढण्याआधी

"डॉक्टर, रात्री पाय पलंगाखाली सोडला की जरा बरं वाटतं." पेशंट असं म्हणाला की मी त्याच्या रिपोर्टांची पिशवी बाजूला ठेवतो आणि आधी पायाची नाडी बघतो. रक्त इतकं आटलेलं असतं की बोटांपर्यंत पोचायला त्याला उतार लागतो. पण तोवर ‘नस दबलीय’ म्हणून महिनोन्महिने गोळ्या खाऊन झालेल्या असतात. मग कधीतरी चप्पल चावते, कुरूप कापताना ब्लेड लागतं, जखम चिघळते. बोट काळं पडलं की आम्हा रक्तवाहिन्यांच्या सर्जनांची आठवण होते.

घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, उत्तर 0.9च्या खाली आलं की धमनीत अडथळा. मधुमेहात मात्र हे गणित दगा देतं. कॅल्शियम साचून धमन्या अशा ताठ होतात की पट्टा कितीही फुगवा, त्या दबतच नाहीत. आकडा 1.4 येतो आणि इकडे पाय मरत असतो! अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा. तो 30च्या खाली असेल तर थांबायला वेळ नाही.

शीर वापरून मांडीतल्या धमनीचा बायपास पॅरिसमध्ये जाँ कुनलँ यांनी 1948 साली केला. 1964मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला पाय कापून घ्यायला साफ नकार देणाऱ्या 82 वर्षांच्या आजीबाईंची धमनी चार्ल्स डॉटर यांनी नळी घालून रुंद केली. त्या शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालल्या. बायपास की नळीवाटे धमनी रुंद करणं (आता ते फुग्यानं होतं), हा आमच्यातला वाद तेव्हापासूनचा.

2022च्या ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीत 1830 रुग्ण होते. ज्यांच्या पायात चांगली लांब शीर होती त्यांच्यापैकी बायपास झालेल्या 42.6 टक्के रुग्णांचा मृत्यू झाला, पाय गेला किंवा पुन्हा मोठा उपचार करावा लागला. फुग्याच्या गटात हेच प्रमाण 57.4 टक्के. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ‘बेसिल-2’ने उलटा कौल दिला. गुडघ्याखालच्या आजारात पाय जाणं किंवा मृत्यू बायपासनंतर 63 टक्के, फुग्यानंतर 53 टक्के. आणि हा फरक मुख्यतः मृत्यूंचा होता. मला यात विसंगती दिसत नाही. हृदय धड आणि शीर चांगली असेल तर मी बायपास सुचवतो. थकल्या-भागल्या म्हाताऱ्याला फुगा. आपण जे करतो तेच सर्वांना लागू, असं कुणी सांगितलं तर दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

बिडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसाला होणारा बर्जर आजार वेगळा. तिथे धमन्या इतक्या बारीक असतात की जोडायला जागाच सापडत नाही. तंबाखू सुटली तर पाय राहण्याची आशा. मशेरीसुद्धा तंबाखूच, हे घरच्यांनाही सांगावं लागतं.

आणि बायपासला लागणारी ती शीर! अनेकांची हृदयाच्या बायपाससाठी आधीच काढलेली असते. मग दुसऱ्या पायातली शोधायची, तीही नसेल तर दंडातल्या शिरांचे तुकडे एकमेकांना शिवायचे. इतका खटाटोप केला तर पाय वाचू शकतो. म्हणून रक्तप्रवाह न तपासता पाय कापायला कुणी तारीख दिली, तर आधी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी मागा. पू अंगात भिनलेला नसेल तर दोन दिवसांनी फारसं बिघडत नाही.