गाडी घेऊ नका, माहिती तरी द्या

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर,
अधिकृत सर्व्हिस सेंटर, पुणे



‘मॅडम, सिस्टममध्ये पार्ट डिसकंटिन्यू दाखवतंय.’ हे वाक्य तुमच्या काउंटरवर ऐकणारी मी एकटी नाही. गाडी पंधरा वर्षांच्या पुढे गेली की जॉब कार्ड उघडायच्या आधीच ते कानावर पडतं. कुठे सरळ नकार मिळतो. कुठे ‘बघतो, कळवतो’ म्हणतात आणि मग फोन येत नाही. कुठे एस्टिमेटच असं हातात ठेवतात की माणसाने आपणहून गाडी वळवून न्यावी. तुमच्या सेंटरचं आणि माझ्या गाडीच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बाळगणारे माझ्या ओळखीचे लोक हेच सांगतात.

तुमच्या नकारामागची कारणं खोटी नाहीत, हे मला मान्य आहे. वीस वर्षांच्या गाडीचा गंजलेला बोल्ट पाना लावताच तुटतो आणि तासाभराचं काम दिवसावर जातं. एक होज बदलायला हात घातला की शेजारचा चिरतो. तुमच्याकडची मुलं आयटीआय करून आली तेव्हापासून स्कॅनर लावूनच गाडी बघतात. कार्ब्युरेटर उघडायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नाही. दिवसाला किती गाड्या धुऊन बाहेर पडल्या यावर तुमचा हिशेब चालतो आणि जुनी गाडी सर्व्हिस बे अडवून बसते. पुन्हा काही बिनसलं तर ग्राहक आयोगापुढे तुम्हालाच उभं राहावं लागतं. तेव्हा ‘हे काम आम्ही घेत नाही’ असं तुम्ही स्वच्छ सांगितलंत तर मी वाद घालणार नाही. पण त्या नकाराबरोबर तुम्ही जे बोलता आणि जे हातचं राखून ठेवता, त्यासाठी हे पत्र आहे.

माझी गाडी २००४ ची, पेट्रोलवरची, वडिलांनी घेतलेली. गेल्या हिवाळ्यात तिचं ॲव्हरेज एकाएकी पडलं, सायलेन्सरमधून काळा धूर यायला लागला, गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडायला लागली. चेक इंजिनचा दिवा पेटलेला होता. तुमच्या ॲडव्हायझरने बॉनेट उघडलं, मिटलं आणि सांगितलं, की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, तो आता येत नाही, गाडी स्क्रॅपला द्या, एक्स्चेंजमध्ये चांगली ऑफर आहे. स्कॅनर लावला नाही, कारण या मॉडेलचा स्कॅनर आता सेंटरमध्ये नाही. म्हणजे निदान न करताच निकाल दिला गेला. लेखी काही मिळालं नाही.

नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी ती गाडी बघितली. आपल्याकडे गाड्यांना ओबीडी, म्हणजे बिघाडाची नोंद ठेवणारी गाडीतली यंत्रणा, सक्तीची झाली ती २०१० पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये आजचा साधा स्कॅनर बोलतच नाही. पण माझ्या गाडीसारख्या काही गाड्यांमध्ये एक सोय असते. मिस्त्रींनी बॉनेटखालचा एक कपलर शोधला, त्यातल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या आणि मला इग्निशन ऑन करायला सांगितलं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. आधीच्या लुकलुकी दशकाच्या, जरा थांबून पुढच्या एककाच्या. ते मोजत होते, मी कागदावर आकडा लिहीत होते. त्यांच्याकडे एका जुन्या मॅन्युअलची झेरॉक्स आहे, कडा तेलाने काळ्या झालेली. त्यात तो आकडा सापडला: इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर.

तेवढ्यावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. सेन्सर काढला, मल्टीमीटरच्या दोन वायरी त्याला लावल्या आणि शेजारच्या टपरीवरून आणलेल्या उकळत्या पाण्याच्या ग्लासात तो बुडवला. पाणी तापलेलं असेल तर सेन्सरचा रोध झपाट्याने उतरायला हवा. मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे इंजिन तापलं तरी ईसीएमला ते गारच वाटत होतं आणि तो बिचारा इमानाने जादा पेट्रोल सोडत होता. ‘ताई, ईसीएमला काही झालेलं नाही,’ ते म्हणाले. प्लग साफ करून, नवा सेन्सर बसवून गाडी संध्याकाळी घरी आली. सेन्सर हजार रुपयांच्या आतला होता आणि त्याच पेठेत दुसऱ्या दुकानात मिळाला.

हे त्यांना जमलं, कारण त्यांच्याकडे ती झेरॉक्स होती. तुमच्याकडे याहून कितीतरी जास्त आहे: मॅन्युअल, वायरिंगचे नकाशे, पार्ट नंबर, कुठला पार्ट बंद होऊन त्याच्या जागी कुठला आला याची नोंद. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. तेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटांच्या व्हिस्टामध्ये, शेव्हर्लेच्या सेलमध्ये वेगवेगळ्या नावांनी बसलं. फियाटच्या गाड्या इथे विकल्या जाणं थांबलं, तरी त्या इंजिनाचे अनेक पार्ट दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर मिळतात. पण कुठल्या गाडीचा कुठला पार्ट कुठे बसतो, हे ठाऊक असलेला माणूस भेटावा लागतो. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथे गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करण्याचं जाहीर केलं. त्या गाड्यांच्या मालकांपैकी कितीकांची गाडी तेव्हा कोरी होती. त्यांची मदार आता याच माहितीवर आहे.

ही माहिती अडवणं ही नुसती गैरसोय नाही, हे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात सांगितलेलं आहे. सुटे भाग, मॅन्युअल आणि निदानाची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं हे स्पर्धेला मारक आहे असं ठरवून आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. निकालावर पुढे अपिलं झाली. दंडाचा प्रश्न वकिलांचा. पण बाहेरच्या मिस्त्रीला माहिती मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात पांढऱ्यावर काळं झालं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारगाड्या आहेत. एवढं असूनही तुमच्या काउंटरवर पार्ट नंबर विचारला की ‘तो बाहेर द्यायची परवानगी नाही’ असं उत्तर येतं.

आणखी एक. तुमची माणसं सर्रास सांगतात, की पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी बाद. कृपा करून हे बंद करा. दिल्लीतला वयाचा नियम महाराष्ट्रात नाही. इथे खासगी गाडीची पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणी होते, पर्यावरण कर भरायचा असतो आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते. त्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, ते भरून लोक गाडी चालवतात. वयस्कर माणसं, ज्यांची गाडी महिन्यातून चारदा दवाखान्यात आणि लग्नकार्याला जाते, ती तुमच्या युनिफॉर्मवर विश्वास ठेवून चांगली गाडी भंगारात देतात. हे मी जवळून पाहिलं आहे आणि मला त्याचा राग येतो. गाडीत खरोखर धोका असेल, चासी गंजून सडली असेल, ब्रेकच्या पाइपला भोक असेल, तर तसं दाखवा, लिहून द्या. तो सल्ला मी डोळे मिटून मानेन.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी आठवा. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात त्या बनणं थांबलं, तरी शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपेपर्यंत, २०२३ पर्यंत, ती रस्त्यावर राहू शकली. पाठीशी चालू कारखाना नव्हता. गल्लीतले मिस्त्री, लेथवाले आणि सीएसटी रोडवरचे जुन्या पार्टचे दुकानदार होते. तुमच्या नकारानंतर माझ्यासारखे लोक ज्यांच्याकडे जातात, ती हीच माणसं. डॉक्टर पेशंटला दुसरीकडे पाठवतो तेव्हा सोबत फाइल देतो. तुम्ही आमच्या हातात चावी तेवढी परत ठेवता.

आता माझं काम. माझी गाडी २००४ पासून २०१६ पर्यंत तुमच्याकडेच सर्व्हिसिंगला येत होती. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी आणि किती किलोमीटरला बदलला, हे वडिलांच्या बिलांत सापडत नाही आणि आता त्यांना विचारताही येत नाही. चालत्या इंजिनात हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून अख्खं हेड जाण्याची भीती असते, म्हणून मिस्त्री तारीख विचारत आहेत. २०१६ मध्ये बदलला असेल तरी आता नवा टाकायचाच आहे, पण तेव्हा सोबत टेन्शनर आणि वॉटर पंप बदलला होता की नाही, यावर या वेळचं काम किती खोल न्यायचं ते ठरेल. गाडीचा नंबर, चासी नंबर आणि आरसी बुकाची प्रत सोबत जोडली आहे. सर्व्हिस हिस्टरीचा प्रिंट आणि बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप यांचे पार्ट नंबर एवढंच हवं आहे. काय आकार असेल तो भरेन. शनिवारी दुपारी काउंटरवर येते.

कळावे,
आपली,
एक गाडीमालक