सुर्ल्याहून जुन्या गोव्याकडे

डिचोली तालुक्यातील सुर्ल्याची लाल माती पायांना घेऊनच आम्ही जुन्या गोव्यास उतरलो. अबिसीनियाकडे निघालेला छापखाना १५५६ साली येथे उतरला तो येथेच राहिला. सेंट पॉल कॉलेजातील तो हिंदुस्थानातील पहिला छापखाना होय.

पुढे १६१६ साली राशोल येथे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ओव्या मराठी, अक्षरे मात्र रोमन! गोव्यात १५७७ साली तमिळ खिळे ओतले गेले होते. नागरीचे झाले नाहीत. १६२९ साली दूर रोममध्ये जॉर्जियन कोश जॉर्जियन अक्षरांत निघाला. त्याच साली गोव्यातले मराठी ‘पीटर पुराण’ रोमन अक्षरांतच निघाले.

सुर्ला त्या काळी विजापूरकरांच्या मुलखात होते. तेथल्या बालबोध वाचणाऱ्या गृहस्थाच्या हाती ते पुस्तक दिले असते, तर स्वतःचीच भाषा त्यास परकी वाटली असती. कोणी वाचून दाखविले असते, तर पहिल्याच ओवीस त्याने मान डोलाविली असती. नागरी खिळ्यांतील मराठी पुस्तक निघाले ते १८०५ साली, बंगालमधील श्रीरामपुरास.

ज्यास सांगावयाचे त्याच्याच अक्षरांत सांगावे, हे आम्हां पाळकांनीही विसरू नये.