काचेवरची काच

गेल्या वसंत पंचमीला भाचीच्या अक्षराभ्यासासाठी बासरला गेलो. बीदरहून देगलूर, धर्माबाद करत गाडी गोदावरीकाठी पोचली. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. देवीला येथे हळदीचा लेप असतो आणि लेकरे पाटीवर पहिले अक्षर गिरवतात.

आमची पहिली खेप २००९ ची, मुलाच्या वेळची. देवळात कॅमेरा पिशवीतच ठेवला होता. संध्याकाळी घाटावर अज्जीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पणती लावली आणि नातवाचा हात धरून पुन्हा अक्षर काढून घेतले. मी फोटो काढला. घरी येऊन पाहतो तो अज्जीच्या चेहऱ्यावर पणतीचीच हिरवट प्रतिमा! लेन्सच्या रक्षणासाठी बसवलेल्या स्वस्त यूव्ही फिल्टरची ही करामत. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. अंधारात दिवा समोर असला की हा उलटलेला प्रकाश चित्रात भलतीकडे उमटतो. पुढच्या वर्षी अज्जी गेल्या. तो डाग संगणकावर पुसता येईलही. पण त्याखालची त्यांची मुद्रा कुठून आणायची?

म्हणून या वेळी फिल्टर घरीच ठेवत होतो. सौ. म्हणाली, "अहो, तिथे अरिशिण उडते. लेन्सवर पडले तर?"

तिचेच खरे ठरले. देवळाबाहेरच्या गर्दीत कुणाच्या तरी ताटातली हळद थेट कॅमेऱ्यावर आली. रुमालाने पुसायचा मोह आवरला. कोरडी पूड घासली तर काचेवर चरे पडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारली, मग मऊ कापड फिरवले. फिल्टर पिवळा झाला, लेन्स वाचली.

डिजिटल कॅमेऱ्यात अतिनील किरण अडवण्याची सोय सेन्सरपुढेच असते. तेव्हा यूव्ही फिल्टर आता उरला तो धूळ, पाणी आणि लेकरांची बोटे यांच्यापुरता. घ्यायचाच तर अनेक थरांचे लेपन असलेला घ्यावा, त्यात परावर्तन फार कमी होते. धक्क्यापासून लेन्सचे हूडही चांगले रक्षण करते.

सांजवेळी घाटावर सौ.ने पणती लावली, भाचीचा हात धरला. मी फिल्टर काढून डबीत घातला, डबी खिशात टाकली आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावला.