विक्रीनंतरचे सॉफ्टवेअर

पूल बांधून झाला, त्याची तपासणी झाली, की कंत्राटदाराचे अंतिम देयक अदा करता येते. सॉफ्टवेअर ज्या दिवशी कार्यालयात बसवले जाते, त्या दिवशी त्याचे खरे काम सुरू होते. आणि आपली खरेदीची रीत नेमकी त्याच दिवशी फाइल बंद करते. केंद्रीय सेवेतील इतक्या वर्षांत जी सॉफ्टवेअर आली-गेली पाहिली, त्यांतील थोडीच बिघडली. बहुतेक बेवारस झाली.

एक उदाहरण देतो. माझ्या पूर्वीच्या नेमणुकीतील एका कार्यालयात वेतनाचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर होते. ते सर्वात कमी दराच्या निविदेतून घेतलेले होते. सहाव्या वेतन आयोगाची रचना, म्हणजे पे बँड आणि ग्रेड पे, त्याच्या हाडामांसात भिनलेली होती. सातव्या आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून ग्रेड पे रद्द करून वेतन-तक्ता आणला. जुन्या मूळ वेतनाला २.५७ ने गुणायचे आणि तक्त्यात योग्य जागी बसवायचे, एवढेच काम. परंतु लिहिणारा प्रोग्रॅमर नोकरी सोडून गेला होता, मूळ संहिता देण्याची अट करारात नव्हती आणि देखभालीचा वार्षिक करार संपला होता. मग वडीलबाबूंनी सगळी थकबाकी हाताने काढली. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील एका शिपायाचे सुधारित निवृत्तिवेतन त्यामुळे कित्येक महिने लांबले. मुलीचे लग्न ठरवून बसलेल्या माणसाला हे महिने कसे जातात, ते निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात कुठेच दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. सॉफ्टवेअरची पहिली प्रत अतिशय महाग, पुढची प्रत जवळजवळ फुकट. म्हणून विकणारा किंमत हवी तितकी खाली आणू शकतो. मात्र दूरध्वनी उचलणाऱ्या माणसाचा पगार प्रतींच्या संख्येबरोबर वाढतच जातो. स्वस्तात विकणारा नेमकी तिथे काटछाट करतो. त्यात खरेदीच्या वेळी गुणवत्ता दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल जे दाखवून दिले, तेच इथे घडते: ग्राहकाला बरे-वाईट पारखता येत नसेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. सर्वात कमी दराची निविदा या प्रक्रियेला राजमान्यता देते, इतकेच.

याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. कैलास काटकर यांचे कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान होते. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यांत व्हायरस सापडू लागले. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की, हे उत्पादन दुरुस्तीच्या टेबलावर जन्मले. ग्राहकाचे दुखणे आधी कळले, औषध नंतर तयार झाले. शिवाय अशा उत्पादनाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ग्राहक नाराज झाला, तर पुढच्या वर्षी पैसे देणार नाही, हा धाक विक्रेत्याला कायम असतो.

सध्या मी बबीना येथे आहे. झाशीहून ललितपूरकडे जाताना लागणारे हे छावणीचे गाव. एवढ्या लहान कॅन्टोन्मेंट बोर्डाने स्वतःपुरते सॉफ्टवेअर करून घेणे परवडणारे नव्हते. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘ई-छावणी’ सुरू झाली, ती तेव्हाच्या सर्व ६२ बोर्डांसाठी मिळून. पहिल्या प्रतीचा खर्च ६२ ठिकाणी विभागला गेला. नळजोडणी, व्यवसाय परवाना, भाडेपट्ट्याचे नूतनीकरण यांचे अर्ज घरबसल्या करण्याची सोय झाली. परंतु साहाय्याचा खर्च असा विभागून संपत नाही. इथला दुकानदार बुंदेलीत बोलतो. त्याची अडचण त्याच्या बोलीत ऐकून घेणारा कोणीतरी लागतोच.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेक जण बंगळुरू, हैदराबाद किंवा न्यू जर्सीत हाच व्यवसाय करता. म्हणून चार गोष्टी स्पष्ट लिहितो. एक, बदलणारे नियम प्रोग्रॅमच्या आत कोरू नका. दर आणि तक्ते बाहेर ठेवा, म्हणजे कार्यालयातील बाबूही ते बदलू शकेल. दोन, ग्राहकाची माहिती त्याला हवी तेव्हा, कोणालाही वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळू द्या. ती अडकवून टिकवलेला ग्राहक मनाने केव्हाच गेलेला असतो. तीन, लिहिणाऱ्यांना महिन्यातून एक दिवस तक्रारीच्या दूरध्वनीवर बसवा. चार, आम्हा खरेदीदारांसाठी: पाच वर्षांचा देखभालखर्च मूळ किमतीत धरूनच दरांची तुलना करावी आणि कंपनी बंद पडल्यास मूळ संहिता मिळण्याची अट करारात असावी.

यांतील एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. विकलेली वस्तू वापरणारा माणूस अजून तिथे बसलेला आहे, एवढे लक्षात ठेवावे लागते.